पंप बरो आसा, तो वारें घेता: पॉवर स्टिअरिंगचा घूंऽऽ आवाज आणि माझी दोन वर्षं

सकाळी सातला गाडी सुरू केली की घूंऽऽऽ. स्टिअरिंग हलवलं की घूंऽऽऊंऽऽ, जास्त कापलं की जास्त, सरळ केलं की थोडं कमी. फोंड्यात आमच्या बिल्डिंगच्या खाली पार्किंग इतकं चिंचोळं आहे की गाडी बाहेर काढायला दोनदा पुढे दोनदा मागे करावं लागतं, म्हणजे फुल लेफ्ट फुल राइट असा सगळा कार्यक्रम, आणि तेवढ्या वेळात पहिल्या मजल्यावरच्या काकी गॅलरीत येऊन बघायच्या की एवढ्या सकाळी खाली मिक्सर कोणी लावला. बाणस्तारीपर्यंत पोचेस्तोवर आवाज गेलेला असायचा. पणजीत पार्किंग शोधत फिरताना तर गाडी एकदम शहाणी. आणि गॅरेजला नेली की अर्थातच आवाज नाही, कारण तिथे पोचेपर्यंत इंजिन गरम, आणि मेकॅनिक आपल्याकडे असं बघतो की ह्यालाच कान तपासून घ्यायला सांगावं.

असं दोन वर्षं चाललं. डिसेंबर आला की आवाज सुरू, शिगम्याच्या आसपास हळूहळू गायब, मे महिन्यात तर नावच नको, मग जून-जुलैत पावसाने हवा जरा गार झाली की परत एखाद्या सकाळी बारीकसं घूं. मला प्रत्येक वेळी वाटायचं गेला बाबा एकदाचा. तो गेलेला नसायचा. मी ह्या दोन वर्षांत जे जे केलं ते उलट्या क्रमाने केलं, आधी महाग आणि सगळ्यात शेवटी स्वस्त, म्हणून म्हटलं सगळं एकदा सविस्तर लिहून टाकूया, कोणाचा तरी पंप वाचेल.

गाडी २००९ सालची पेट्रोल सेडान, सेकंडहँड घेतलेली, ऑइलवालं स्टिअरिंग. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण दोष कंपनीचा नाहीच, पंधरा वर्षं इंजिनच्या उष्णतेत शिजलेली रबर कुठल्याही कंपनीची असली तरी शेवटी तशीच होणार.

तुमच्या गाडीला मुळात ऑइलचं स्टिअरिंग आहे का ते आधी बघा, कारण अर्ध्या लोकांचा गोंधळ इथेच असतो. बॉनेट उघडून स्टिअरिंगचं चित्र असलेलं झाकण आणि खाली छोटा प्लास्टिकचा डबा दिसला तर आहे. नसेल तर बहुधा इलेक्ट्रिक. स्विफ्ट २००५ ला आपल्याकडे आली तीच इलेक्ट्रिक स्टिअरिंग घेऊन, आणि हल्लीच्या छोट्या गाड्यांत ऑइलवालं जवळजवळ सापडतच नाही, क्वालिस, जुनी इनोव्हा, पॉवर स्टिअरिंगवाली बोलेरो असल्या गाड्यांत सापडेल. इलेक्ट्रिकमध्ये ना पंप ना ऑइल ना पट्टा, त्यामुळे तिथे टकटक किंवा खट्ट आवाज आला तर मोटरचं छोटं रबरी कपलिंग, वर्म गिअरचा प्ले नाहीतर कॉलमच्या खालचा जॉइंट बघायचा, आणि खाली मी जे लिहिलंय त्यातलं बरंचसं तुमच्या कामाचं नाही. माझ्या मेव्हण्याने त्याच्या इलेक्ट्रिकवाल्या गाडीत "स्टिअरिंग ऑइल" टाकून द्यायला सांगितलं होतं आणि गॅरेजवाल्याने बिलात लावलं पण होतं. कुठे टाकलं ते देव रवळनाथालाच ठाऊक.

आता हा पंप करतो काय ते थोडं सांगतो, कारण ते डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप समजतं. इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा रोटर, त्याच्या खाचांत सरकणाऱ्या पात्या, बहुतेक पंपांत दहा. एका बाजूने तो डब्यातलं ऑइल खेचतो आणि दुसऱ्या बाजूने रॅककडे (चाकं वळवणाऱ्या दांड्याकडे) ढकलतो. ढकलायच्या बाजूला फुल लॉकला, म्हणजे स्टिअरिंग टोकापर्यंत कापलं की, ७०-८० बार किंवा त्याच्याही वर प्रेशर जातं, आपण टायरमध्ये सव्वादोन बार भरतो त्यावरून अंदाज करा, म्हणून तिथला पाइप जाड, लोखंडी जोडांचा, आणि तिथे लीक झालं तर ऑइल बाहेर उडतं, लपत नाही. खेचायच्या बाजूला मात्र प्रेशर नाही, उलट थोडी ओढ असते. आडसर (शहाळं) पिताना स्ट्रॉला बारीक चीर गेली असेल तर काय होतं? पाणी चिरेतून बाहेर सांडत नाही, हवा आत येते आणि तोंडात सुर्रर्र होतं. बरोब्बर तेच. खेचायच्या बाजूच्या जोडातून हवा आत जाते, ऑइल मात्र बाहेर येत नाही किंवा इतकं थोडं येतं की नुसती ओल दिसते. म्हणून खाली फरशीवर एकही थेंब नाही आणि आपण शपथेवर सांगतो की लीकेज नाहीये हो.

हवा मिसळलेलं ऑइल पंपात गेलं की ते बुडबुडे दाबले जाऊन फुटतात, आणि तो जो घूंऽऽ येतो तो हा. तसाच आवाज हवा नसताना पण येऊ शकतो, जर ऑइल पंपापर्यंत पुरेसं पोचतच नसेल, म्हणजे डब्यात कमी असेल किंवा डब्याच्या तळाची जाळी तुंबली असेल तर. पंपाला दोन्ही सारखंच, उपाशीच राहतो तो. आणि हे फार दिवस चाललं तर मग पात्या आणि आतली भिंत खरंच खरवडते आणि पंप खरंच जातो, म्हणजे आवाज म्हणजे नुसता त्रास नाही, पुढच्या खर्चाची चिठ्ठी आहे.

आता माझे पराक्रम.

पहिल्या हिवाळ्यात मी डबा उघडला, ऑइल मिनिममच्या जरा खाली होतं, टॉपअप केलं. दोन आठवडे शांतता! मी खूश. मग परत. हे असं का होतं ते तेव्हा कळलं नाही, आता कळतंय, ऑइल वाढलं की डब्यात आलेल्या फेसाला वर येऊन फुटायला जरा जागा आणि वेळ मिळतो, त्यामुळे पंपाकडे थोडं बरं ऑइल जातं, पण हवा यायचं भोक तसंच. शिवाय एक प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही की बंद सिस्टममधलं ऑइल कमी झालं म्हणजे ते गेलं कुठे.

दुसऱ्यांदा मडगावच्या एका गॅरेजमध्ये सगळं ऑइल बदललं. जुनं काढलं ते काळं, जळक्या वासाचं, त्यात बोटांना लागणारे बारीक काळे कण. मला वाटलं हेच दुखणं होतं. नवीन लालभडक ऑइल टाकलं, महिनाभर बरं होतं, मग जानेवारीतल्या एका गार सकाळी घूंऽऽ, आणि काकी गॅलरीत. ते काळे कण कुठून आले हा दुसरा प्रश्न, तो पण मी विचारला नाही.

तिसरा पराक्रम सगळ्यात भारी. एका ओळखीच्या माणसाने सांगितलं पंप गेलाय, दुसरं काही असूच शकत नाही, नवीन कशाला घेतो, रीकंडिशन, म्हणजे दुरुस्त केलेला जुना, टाक. टाकला. मजुरी धरून साडेसात हजार. त्याने जुना पंप काढून नवीन बसवला, जुन्याच नळीचा जुनाच एल्बो (वाकडा जोड) त्याच्या जुन्याच ओरिंगसकट (जोड बंद करणारी रबरी रिंग) नवीन पंपाच्या तोंडात घातला, बोल्ट आवळले, झालं. दहा दिवस. अकराव्या दिवशी आवाज हजर. परत गेलो तर म्हणाला रीकंडिशन पंपाला एवढा आवाज चालतो, नवीन घे. भावोजी म्हणाले गाडीच वीक. बायको काही म्हणाली नाही, ते जास्त लागलं.

शेवटी ऑफिसातल्या एकाने उसगावच्या एका म्हाताऱ्या मेस्ताचं (मिस्त्रीचं) नाव सांगितलं, खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकांची स्टिअरिंगं करायचा, आता घरासमोर पत्र्याच्या शेडमध्ये जे येईल ते करतो. मी माझी सगळी रामकहाणी सांगितली, तो ऐकता ऐकता दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं ड्रम पुसत होता. सगळं झाल्यावर एकच विचारलं, सकाळीं चड आवाज, मागीर कमी? म्हटलं हो. "गाडी रातीं हांगा दवर." म्हणजे गाडी रात्रभर इथेच ठेव. ही साधी गोष्ट दोन वर्षांत एकाही गॅरेजला सुचली नव्हती. थंड गाडीचा आवाज थंड गाडीवरच ऐकायला हवा ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाच्या बसने मी तिथे. त्याने आधी गाडी चालूच केली नाही. डब्याचं झाकण उघडून टॉर्च मारला, ऑइल स्वच्छ लाल, लेव्हल बरोबर. मग मला म्हणाला स्टार्ट कर आणि हळू डावीकडे काप. घूंऽऽ. त्याने मला खाली बोलावलं. डब्यातलं ऑइल आता लाल नव्हतंच, गुलाबी, कोकमाच्या सोलकढीसारखं, आणि रिटर्नच्या नळीच्या तोंडाशी बारीक बारीक बुडबुड्यांची साखळी वर येतेय. दोन वर्षांत मी ते झाकण पन्नास वेळा उघडलं असेन, पण प्रत्येक वेळी इंजिन बंद असताना. बंद असताना पाच-दहा मिनिटांत हवा निघून जाते आणि ऑइल परत निरागस दिसायला लागतं.

"पंप बरो आसा," म्हणाला. "तो वारें घेता." म्हणजे पंप ठीक आहे, तो हवा ओढतोय.

मग त्याने पंपाच्या खेचायच्या तोंडाचा एल्बो कापसाने कोरडा पुसला आणि बोटभर ग्रीस घेऊन त्या जोडाच्या भोवती थापलं, आपण तव्याच्या कडेने पिठाचं लिंपण लावतो तसं. इंजिन चालूच होतं, पट्टा वितभर लांब फिरत होता, ते मला बघवत नव्हतं, तुम्ही कराल तर इंजिन बंद करून लावा आणि मग चालू करा, बाही आणि गळ्यातली चेन सांभाळून. "आतां आयक." आवाज बंद झाला. म्हणजे हळूहळू नाही, बटण दाबल्यासारखा एका क्षणात. आठ-दहा सेकंद ती शांतता, आणि मग ग्रीसमध्ये एक बारीक खळगा पडला, आत ओढला गेला, आणि घूंऽऽ परत सुरू. तो खळगा मी डोळ्याने बघितला. साडेसात हजारांचं उत्तर त्या मसुराएवढ्या खळग्यात होतं.

ओरिंग काढली तर ती गोल नव्हतीच. म्हणजे आकाराने रिंग, पण नवीन ओरिंग कापली तर तिचा छेद गोल दिसतो ना, हिचा चौकोनी झाला होता, चारी बाजूंनी दाबून चपटी, आणि नखाने दाबलं तर नखाची खूण तशीच राहत होती, उसळून वर येत नव्हती. गरम झाली की थोडी फुगून जोड भरून काढायची, थंडीत आक्रसून कडक व्हायची. त्यात थंड ऑइल जाड असतं, ते खेचायला पंपाला जास्त ओढ लावावी लागते, म्हणजे गळणाऱ्या जागेवर सकाळी दुप्पट ताण. मे महिन्यात आवाज का नाही आणि डिसेंबरात का, हे कोडं तिथेच सुटलं. गोव्यात काय कडाक्याची थंडी पडत नाही, सकाळी वीसच्या आसपास असतं, पण मेलेल्या रबराला तेवढं पुरतं.

आणि काळे कण? ते खेचायच्या नळीच्या आतल्या अस्तराचे. नळी बाहेरून ठीक दिसत होती, दाबली की मात्र करकर वाजायची, आतून सोलून निघत होती. ते कण जाऊन डब्याच्या तळाच्या जाळीत बसले होते. मेस्ताने डबा काढला, उलटा करून त्यात पेट्रोल ओतलं, खालून थेंब थेंब आलं, सरळ धार यायला हवी होती. म्हणजे मला दोन आजार होते, हवा आणि उपास, आणि एक बरा केला असता तर दुसऱ्यामुळे आवाज अर्धा राहिलाच असता. बऱ्याच डब्यांत ती जाळी आतच फिक्स असते, निघत नाही, कार्ब क्लीनर मारून उलट बाजूने हवा देऊन साफ करता येते पण माझी इतकी भरली होती की सरळ नवीन डबा घेतला. फुकट मोह नको.

तर तुम्हाला घरी करून बघायचं असेल तर माझ्या मते ह्या क्रमाने करा. रात्रभर थंड झालेल्या गाडीवर, इंजिन चालू असताना, झाकण उघडून ऑइल बघा. फेस, बुडबुडे, गुलाबी-दुधाळ रंग दिसला तर हवा, आणि मग डब्यापासून पंपापर्यंतचा सगळा जाड, कमी प्रेशरचा पाइप आणि त्याची दोन्ही टोकं ही तुमची संशयित मंडळी. फेस नाही पण आवाज आहे तर जाळी, किंवा पिचकलेली नळी, किंवा खरंच पंप. क्लिपा बघा. आपल्याकडे खारी हवा आणि चार महिने पाऊस, स्क्रूवाल्या क्लिपा गंजून वरून टाइट आणि आतून सैल असतात, आणि चिमट्यासारख्या स्प्रिंगच्या क्लिपा वर्षांनी दम सोडतात. नुसत्या आवळून बघू नका, नळी जुनी असेल तर कापून एक इंच पुढे घ्या किंवा बदला. बदलताना ऑइल सोसणारी नळी हवी, साधा पाण्याचा पाइप लावला तर काही महिन्यांत फुगून लोणी होतो.

ओरिंगचंही तेच. प्लंबिंगच्या दुकानात साइझ मिळते म्हणून घेऊ नका, पाण्याच्या ओरिंगा बऱ्याचदा अशा रबराच्या असतात की मिनरल ऑइलमध्ये फुगतात. गाडीच्या पार्टच्या दुकानात जुनी घेऊन जा आणि नायट्राइल (ऑइल सोसणारं रबर) मागा, किंवा कंपनीचाच पार्ट घ्या. माझी एका भाजीपावाच्या पैशात आली. बसवताना नवीन ऑइलचं बोट लावून बसवा, कोरडी बसवली तर मुरगळते आणि मग तुम्ही म्हणाल नवीन टाकूनही आवाज तसाच.

हवा काढायचं काम लोक घाई करून बिघडवतात, म्हणून जरा सविस्तर. गाडीची पुढची दोन्ही चाकं जमिनीपासून वर घ्या, जॅकवर नाही, स्टँडवर, आणि आपल्याकडे चिऱ्याच्या लाल मातीत पावसाळ्यात जॅक रुततो, खाली फळी टाका, मागच्या चाकांना दगड लावा. इंजिन बंद. डबा मार्कपर्यंत भरा आणि स्टिअरिंग हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत राहा, पंधरा-वीस वेळा, मध्ये मध्ये डबा बघत, लेव्हल पडेल तसं भरत, रिकामा होऊ द्यायचा नाही. चाकं वर असल्यामुळे इंजिन बंद असलं तरी स्टिअरिंग फिरतं. बुडबुडे यायचे थांबले की पाच मिनिटं चहा घ्या. मग इंजिन चालू, आयडलवर, रेस द्यायची नाही, परत हळूहळू डावीकडून उजवीकडे आठ-दहा वेळा, टोकाला नेऊन धरून ठेवायचं नाही. बंद करा, परत लेव्हल बघा. इंजिन बंद केल्यावर डब्यातली लेव्हल एकदम वर चढली तर समजा आत अजून हवा आहे. जे लोक ऑइल टाकल्या टाकल्या इंजिन चालू करतात त्यांच्या गाडीत पंप त्या हवेचा बारीक फेस करून टाकतो आणि तो फेस बसायला मग रात्र जाते.

सगळं ऑइल बदलायचं पण पाइप सोडायचे नसतील तर मेडिकलमध्ये साठ एमएलची मोठी सिरिंज मिळते, तिला पातळ नळी लावून डब्यातलं ऑइल ओढून काढा, नवीन भरा, चार-पाच दिवस गाडी चालवा, परत करा. सिस्टममध्ये लिटरभर ऑइल आणि डब्यात चारशे एमएल धरलं तर पहिल्या खेपेला साठ टक्के जुनं राहतं, तिसऱ्या खेपेनंतर बावीसच्या आसपास, पाचव्यानंतर आठ. हात फार काळे होत नाहीत आणि हवा पण शिरत नाही. जुनं ऑइल मात्र परसात ओतू नका, विहिरी आहेत आपल्या, डब्यात भरून गॅरेजला द्या.

ऑइल कुठलं, ह्यावर दुकानदारावर सोडू नका. झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. टोयोटाच्या जुन्या गाड्यांना डेक्सरॉन टू किंवा थ्री, म्हणजे लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल). होंडाचं स्वतःचं वेगळं. फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत हिरवं, त्यात लाल मिसळायचं नाही. आणि ब्रेक ऑइल चुकून पण टाकायचं नाही, हे ठळक अक्षरात समजा. ते वेगळ्याच जातीचं असतं आणि स्टिअरिंगच्या सीलांची वाट लावतं, गॅरेजच्या फळीवर दोन्ही डबे शेजारी शेजारी असतात आणि पोरगा घाईत असतो, माझ्या डोळ्यासमोर एकदा होता होता राहिलंय. चुकून पडलंच तर गाडी चालू करू नका, आधी सगळं काढा.

स्टॉपलीक (गळती थांबवायचं औषध) टाका म्हणून सांगणारे भेटतील. त्याने सील थोडे फुगतात आणि म्हातारी गाडी चार महिने ओढते, विकायची असेल तर तुमची मर्जी, पण हवा घेणाऱ्या चपट्या ओरिंगला त्याचा मला तरी काही उपयोग दिसला नाही. हो, ते पण केलं होतं, मघाशी सांगायला लाज वाटली.

आता घूं नसेल आणि चीं असेल तर गोष्ट वेगळी. सुरू केल्या केल्या किंवा फुल लॉकला चीऽऽ करून किंचाळलं तर तो पट्टा. पावसाळ्यात ओला झालेला पट्टा पहिली दोन मिनिटं ओरडतो, ते सोडून द्या, पण रोजच ओरडत असेल तर इंजिन बंद करून त्याची आतली बाजू बघा, काचेसारखी चमकत असेल किंवा भेगा असतील तर गेला. चालू असताना पट्ट्याच्या आतल्या बाजूवर चार थेंब पाणी उडवून आवाज क्षणभर थांबला किंवा वाढला तर पट्टाच. बेल्ट ड्रेसिंगचा स्प्रे मारू नका, धूळ धरतो. आवाज स्टिअरिंग हलवल्याने बदलतच नाही, फक्त रेसबरोबर वर-खाली होतो, तर अल्टरनेटर किंवा आयडलरचं बेअरिंग असू शकतं, लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून टोक एकेका बॉडीला टेकवा, कुठे घरघर मोठी येते ते लगेच कळतं. आणि खड्ड्यातून जाताना खट्ट किंवा जागेवर कापताना टुंग, तर ते स्टिअरिंगचं ऑइलचं काम नाही, टाय रॉड एंड, रॅक एंड, लोअर आर्मचे बुश नाहीतर शॉकअपच्या वरचं टॉप माउंट, त्यावर परत कधीतरी.

एक मात्र आवर्जून बघा, रॅकच्या दोन्ही बाजूंचे रबरी बूट दाबून. आत बुळबुळीत ऑइल लागलं तर रॅकचे सील गेले, तेव्हा वरची कुठलीही युक्ती चालणार नाही, रॅक उतरवावाच लागतो आणि तो खर्च पंपापेक्षा मोठा.

फुल लॉकला बारीक फुस्स आवाज मात्र चांगल्या गाडीत पण येतो, प्रेशर जास्त झालं की आतला रिलीफ व्हॉल्व्ह उघडून ऑइल परत फिरवतो त्याचा तो आवाज. घाबरायचं नाही, पण तिथे पाच सेकंदांच्या वर धरायचंही नाही, कारण तेवढ्यात ऑइल भयंकर तापतं. रायबंदरला फेरीच्या लाइनीत बघतो मी, लोक जागेवर उभ्या गाडीत स्टिअरिंग टोकाला नेऊन मोबाइल बघत बसतात आणि पंप बिचारा आत कण्हत असतो. चाक किंचित फिरू द्या आणि मग कापा, आणि टोकाला गेलात की बोटभर मागे घ्या, एवढंच.

माझं काम झालं त्याला आता दोन डिसेंबर झाले. नवीन ओरिंग, खेचायची नळी, दोन क्लिपा, डबा, लिटरभर ऑइल, मेस्ताची मजुरी, सगळं मिळून रीकंडिशन पंपाच्या अर्ध्याहून कमी. पहिल्या आठवड्यात लेव्हल तीन-चार मिलिमीटर उतरली होती, मी घाबरून उसगावला फोन केला, तो म्हणाला अडकलेली हवा निघाली म्हणून उतरली, भर आणि मार्करने डब्यावर रेघ मार. मारली. ती रेघ अजून तिथेच आहे आणि ऑइल पण तिथेच. जुना पंप, जो खराब म्हणून काढला होता, तो मी मेस्ताला दाखवायला नेला तर त्याने हाताने फिरवून बघितला, कानाला लावला, आणि म्हणाला, "हो कित्याक बदललो?" म्हणजे हा कशाला बदलला? मग शेडमधल्या फळीवर ठेवून दिला. मागच्या महिन्यात तो कोणाच्या तरी गाडीत बसवला म्हणे, व्यवस्थित चालतोय.